विश्लेषण : घर कॅनडात, आठवण अमेरिकेची… समुद्रकाठच्या एका लाल कॉटेजचा सांभाळ दोन देश मिळून का करतात?

अमेरिकेचे सलग चार वेळा अध्यक्ष म्हणून निवडून आलेले एकमेव नेते फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आवडते उन्हाळी घर अमेरिकेत नाही. ते आहे कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या कॅम्पोबेलो नावाच्या छोट्या बेटावर. याच घरात १९२१च्या ऑगस्टमध्ये रूझवेल्ट आजारी पडले आणि पुन्हा कधीही आधाराशिवाय चालू शकले नाहीत. आज हे घर आणि भोवतीची सुमारे २८०० एकर जमीन अमेरिका आणि कॅनडा निम्मा-निम्मा खर्च करून सांभाळतात. या दोन शेजाऱ्यांत आयातशुल्कापासून ‘५१वे राज्य’ या भाषेपर्यंत कटुता आली असताना, सहा दशके टिकलेल्या या व्यवस्थेकडे पाहण्यासारखे बरेच काही आहे.

कॅम्पोबेलो बेट नेमके कुठे आहे?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन हे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्याला अगदी खेटून, फंडीच्या उपसागराच्या तोंडाशी हे बेट आहे. लांबी जेमतेम पंधरा किलोमीटर, वस्ती हजाराच्या आतबाहेर. जगातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी याच उपसागरात होते. उपसागराच्या आतल्या टोकाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात १६ मीटरपर्यंत फरक पडतो. कॅम्पोबेलोजवळ तो कमी असला तरी मच्छीमारांचे आणि धक्क्यांचे वेळापत्रक तोच ठरवतो. पाणी उन्हाळ्यातही गारठवणारे आणि धुके नेहमीचे.

बेटाची गंमत अशी की, ते कॅनडात असले तरी त्याला जोडणारा एकमेव पूल अमेरिकेतल्या लुबेक गावात उतरतो. हा पूल १९६२मध्ये झाला आणि त्यालाही रूझवेल्ट यांचेच नाव आहे. कॅनडातल्या मुख्य भूमीवर थेट जायचे तर उन्हाळ्यात चालणारी फेरीबोट तेवढी मिळते. एरवी बेटावरच्या माणसाला आपल्याच देशातल्या मोठ्या दवाखान्यात जाण्यासाठी आधी अमेरिकेत शिरावे लागते, तासाभराचा प्रवास करावा लागतो आणि पुन्हा कॅनडात यावे लागते. म्हणजे एका खेपेत दोनदा सीमा ओलांडायची, आणि परतताना पुन्हा दोनदा.

श्रीमंत अमेरिकी कुटुंबे इतक्या आडबाजूला का आली?

त्यांच्याही आधी इथे पासामाक्वोडी हे मूळ रहिवासी येत. मासेमारी, शिकार आणि होड्यांचा प्रवास हा त्यांचा शतकानुशतकांचा क्रम होता. १७७०मध्ये ब्रिटिश आरमारातले विल्यम ओवेन हे बेटाचे जमीनदार म्हणून आले. नोव्हा स्कॉशियाचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड विल्यम कॅम्पबेल यांच्या आडनावाशी खेळून त्यांनी बेटाचे नाव ‘कॅम्पोबेलो’ केले. इटालियन आणि स्पॅनिश भाषांत त्याचा अर्थ होतो सुंदर मैदान.

ओवेन घराण्याची जमीनदारी शंभरेक वर्षे चालली. १८८१मध्ये बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या काही गुंतवणूकदारांनी बेटाचा मोठा भाग विकत घेतला आणि हॉटेले उभी केली. तेव्हाची मोठी शहरे उन्हाळ्यात नकोशी होत. उकाडा, कोंदट हवा आणि साथीचे आजार यांपासून दूर जायचे तर पैसेवाल्यांपुढे डोंगर किंवा समुद्र हे दोनच पर्याय होते. आपल्याकडे गोऱ्या साहेबांनी महाबळेश्वर-माथेरान गाठले ते याच कारणाने. कॅम्पोबेलोची जाहिरातही थंड, स्वच्छ हवेच्या नावानेच झाली.

रूझवेल्ट यांचे वडील जेम्स हे पत्नी सारा आणि एक वर्षाच्या फ्रँकलिनला घेऊन १८८३मध्ये इथे आले, त्यांना जागा आवडली आणि त्यांनी चार एकर जमीन घेतली. दोन वर्षांत त्यांचे घर उभे राहिले. त्यानंतर फ्रँकलिनचे बालपणीचे बहुतेक उन्हाळे इथेच गेले. तो इथे शिडाची होडी चालवायला शिकला. पासामाक्वोडी समाजाचे नेते आणि भूर्जाच्या सालीवर चित्रे कोरणारे कलाकार टोमा जोसेफ यांनी त्याला वल्ह्याची होडी हाकायला शिकवले.

मग आज दिसते ते लाल घर कोणाचे?

जेम्स रूझवेल्ट यांचे मूळ घर आता उरलेले नाही. आज जे जपले आहे ते त्याच्या शेजारचे. बोस्टनच्या कुन कुटुंबासाठी ते १८९७मध्ये बांधले गेले. आराखडा विलार्ड सिअर्स या वास्तुविशारदाचा. बोस्टनमधले प्रसिद्ध इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालय त्यांचेच काम.

शेजारीण श्रीमती कुन यांचा तरुण फ्रँकलिन आणि त्याची पत्नी एलेनॉर यांच्यावर जीव होता. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवले, की हे घर सामानसुमानासह सारा रूझवेल्ट यांना पाच हजार डॉलरमध्ये घेता येईल, पण ते त्यांनी मुलासुनेला द्यायचे. सारा यांनी १९०९मध्ये तसे केले.

एलेनॉर यांच्यासाठी या व्यवहाराला वेगळाच अर्थ होता. न्यूयॉर्कमध्ये सासूबाईंनी मुलाला दिलेले घर स्वतःच्या घराला लागूनच होते आणि दोन्ही घरांना आतून दारे होती. सासू कधी कोणत्या दारातून येईल, याचा नेम नसे. कॅम्पोबेलोलाही सासूचे घर शेजारीच होते, पण मध्ये झाडांचे कुंपण होते. स्वतःच्या मनाप्रमाणे सामान मांडता येईल अशी जागा त्यांना लग्नानंतर चार वर्षांनी मिळाली ती इथे.

‘कॉटेज’ म्हणायचे आणि खोल्या ३४?

आपल्याला कॉटेज म्हटले की दोन खोल्यांचे टुमदार घर आठवते. एकोणिसाव्या शतकाअखेरच्या अमेरिकी श्रीमंतांनी मात्र हा शब्द उन्हाळी घरासाठी सरसकट वापरला, मग ते कितीही मोठे असो. न्यूपोर्टला व्हँडरबिल्ट कुटुंबाने १८९५मध्ये पूर्ण केलेला ‘द ब्रेकर्स’ हा सत्तर खोल्यांचा दगडी महालही ‘कॉटेज’च म्हणवला जाई. त्या मानाने ३४ खोल्यांचे, त्यांत १८ शयनगृहे असलेले कॅम्पोबेलोचे घर साधे म्हणायला हवे.

साधेपणा आकारात नाही, पण बांधणीत जरूर आहे. संगमरवर नाही, खांबांची रांग नाही, सोन्याचा मुलामा नाही. घर लाकडी आहे आणि बाहेरून ‘शिंगल’ म्हणजे लाकडाच्या छोट्या, पातळ फळ्यांनी मढवलेले आहे. कौलांप्रमाणे एकीवर एक चढवलेल्या या फळ्यांवरून पावसाचे आणि धुक्याचे पाणी निथळून जाते. फळी कुजली तर तेवढीच बदलता येते. गडद लाल भिंती आणि हिरवे छप्पर असा त्याचा रंग आहे.

या वास्तूत पाहण्यासारखे काय आहे?

पहिली गोष्ट छप्पर. दोन्ही बाजूंना ते एकाच उतारात न येता दोन टप्प्यांत उतरते. वरचा उतार सौम्य, खालचा जवळजवळ उभा. अमेरिकेत डच वसाहतींच्या काळातल्या घरांशी हा आकार जोडला जातो, म्हणून या शैलीला ‘डच कलोनिअल रिव्हायव्हल’ म्हणतात. त्याचा व्यावहारिक फायदा असा, की छपराच्या पोटात उभे राहण्याइतकी उंची मिळते आणि माळ्याच्या जागी अख्खा मजला वापरता येतो. भरपूर मुले, पाहुणे आणि नोकर असलेल्या घराला तेच हवे होते.

दुसरी गोष्ट मांडणी. घर खोल नाही, लांबट आहे. त्यामुळे मुख्य खोल्यांना समुद्राचे दर्शन होते. पश्चिमेकडे खाडी आणि पलीकडे अमेरिकेतले ईस्टपोर्ट गाव दिसते. कॅनडात बसून रोज संध्याकाळी अमेरिकेवरचा सूर्यास्त पाहायचा, असे हे घर आहे. १९१५मध्ये वाढत्या कुटुंबासाठी रूझवेल्ट यांनी त्याला आणखी एक भाग जोडला. त्याआधीच्याच वर्षी त्यांच्या एका मुलाचा, फ्रँकलिन धाकट्याचा, जन्म याच बेटावर झाला होता.

तिसरी गोष्ट म्हणजे इथे जे नव्हते ते. रूझवेल्ट कुटुंब राहत असताना घरात वीज नव्हती, टेलिफोन नव्हता. उजेड रॉकेलच्या दिव्यांचा आणि मेणबत्त्यांचा, ऊब शेकोट्यांची. वापरायचे पाणी पवनचक्कीने वर टाकीत चढवले जाई आणि पिण्याचे पाणी गाडीवरून आणावे लागे. किनाऱ्यावर, होड्यांत पांगलेल्या मुलांना जेवायला बोलावण्यासाठी एलेनॉर एक भलामोठा कर्णा वापरत. तो आजही घरात ठेवलेला आहे.

अर्थात, विजेशिवायचे हे ‘साधे’ राहणे नोकरांच्या जिवावर होते. पाणी तापवणे, दिव्यांच्या काचा पुसणे, कोळशाच्या चुलीवर रांधणे, ढीगभर कपडे धुऊन इस्त्री करणे हे सगळे कोणीतरी करत होते. घराचे स्वयंपाकघर, धुण्याची खोली आणि नोकरांच्या छोट्या खोल्या पाहिल्याखेरीज दिवाणखान्याची गोष्ट पुरी होत नाही.

ऑगस्ट १९२१मध्ये काय घडले?

त्याची सुरुवात १९१६पासून सांगायला हवी. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोलिओची भीषण साथ होती. अमेरिकेत सुमारे २७ हजार रुग्ण आढळले, सहा हजारांवर माणसे दगावली. रूझवेल्ट तेव्हा नौदलाचे सहायक मंत्री होते. त्यांनी बायकामुलांना ऑक्टोबरपर्यंत बेटावरच ठेवले आणि नंतर नौदलाच्या जहाजातून परत आणले. पोलिओपासून वाचण्याची जागा म्हणून त्यांनी हे घर निवडले होते.

पाच वर्षांनी, १० ऑगस्ट १९२१ रोजी ३९ वर्षांचे रूझवेल्ट मुलांना घेऊन होडीतून हिंडत होते. वाटेत एका बेटावर वणवा दिसला, तो त्यांनी सगळ्यांसह विझवला. घामाने डबडबलेले ते आधी तळ्यात आणि मग उपसागराच्या थंडगार पाण्यात पोहले. ओल्या कपड्यांतच बसून टपाल वाचले. हुडहुडी भरली तसे लवकर झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी ताप होता आणि एक पाय लटपटत होता. दोन-तीन दिवसांत दोन्ही पायांतली शक्ती गेली.

स्थानिक डॉक्टरांना सर्दीताप वाटला. जवळच सुटीवर असलेल्या एका नामवंत वृद्ध शल्यविशारदांनी मणक्यात रक्ताची गुठळी झाल्याचे निदान केले आणि पाय जोरात चोळायला सांगितले. एलेनॉर आणि कुटुंबाचे स्नेही लुई हाऊ रात्रंदिवस ते करत राहिले. रुग्णाला त्यातून वेदनाच मिळाल्या. अखेर २५ ऑगस्टला बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लोव्हेट बेटावर आले आणि त्यांनी पोलिओचे निदान केले. वीज-टेलिफोन नसलेल्या घरातली निवांत सुटी अशा वेळी किती महाग पडू शकते, हे त्या पंधरा दिवसांत दिसले.

१३ सप्टेंबरला रूझवेल्ट यांना स्ट्रेचरवरून उताराने किनाऱ्यापर्यंत, तिथून बोटीने ईस्टपोर्टला आणि पुढे रेल्वेच्या डब्यात खिडकीतून नेण्यात आले. आदल्याच वर्षी उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला नेता उभा राहू शकत नाही, हे लोकांना दिसू नये म्हणून हाऊ यांनी पत्रकारांना दुसरीकडे गुंतवून ठेवले. हा आजार पोलिओ नसून गियाँ-बारे सिंड्रोम असावा, असा एक अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र घराच्या इतिहासातला तो दिवस त्याने बदलत नाही.

या घटनेचा आपल्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. अध्यक्ष झाल्यावर रूझवेल्ट यांनी १९३८मध्ये पोलिओविरोधी राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन केले. लोकांना मागितले काय, तर फक्त एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे. पहिल्याच मोहिमेत व्हाइट हाऊसच्या पत्त्यावर २६ लाख ८० हजार डाइम जमा झाले. मोठ्या देणगीदारांपेक्षा सामान्यांच्या सुट्या पैशांवर चाललेल्या या संस्थेच्या निधीतून जोनास साल्क यांची लस आली. ती परिणामकारक असल्याची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी, रूझवेल्ट यांच्या दहाव्या स्मृतिदिनी झाली.

भारतात १९९५पासून घराघरांत, एसटी स्थानकांवर, रेल्वे फलाटांवर ‘दोन थेंब’ पोहोचले. २००९मध्ये देशात ७४१ रुग्ण होते आणि ती संख्या जगात सर्वाधिक होती. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आपण पाजलेली तोंडावाटेची लस साल्क यांची नव्हे, अल्बर्ट सेबिन यांची. पण त्यांच्या संशोधनालाही याच प्रतिष्ठानाने पैसा पुरवला होता.

घर दोन देशांकडे कसे गेले?

आजारानंतर रूझवेल्ट बारा वर्षे बेटावर फिरकले नाहीत. १९३३मध्ये अध्यक्ष म्हणून ते स्वतः शिडाची होडी हाकत परत आले. पुढे १९३६ आणि १९३९ अशा आणखी दोनच छोट्या भेटी झाल्या. त्यांच्या मृत्यूनंतर घर मुलगा एलियट यांच्याकडे आणि १९५२मध्ये उद्योगपती आर्मंड हॅमर व त्यांच्या भावांकडे गेले. हॅमर कुटुंबाने ते पूर्वीसारखे सजवले. एलेनॉर १९६२च्या उन्हाळ्यात, मृत्यूपूर्वी काही महिने, इथे शेवटच्या राहून गेल्या.

मे १९६३मध्ये कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन हे अध्यक्ष जॉन केनेडी यांना भेटले, तेही हायनिस पोर्टच्या केनेडींच्या समुद्रकाठच्या घरी. हॅमर यांनी कॅम्पोबेलोचे घर भेट देऊ केले होते. त्याचे संयुक्त उद्यान करण्याची कल्पना तिथे पुढे आली. सहा महिन्यांत केनेडी यांची हत्या झाली. तरीही २२ जानेवारी १९६४ रोजी पिअर्सन आणि लिंडन जॉन्सन यांनी करारावर सह्या केल्या आणि ऑगस्टमध्ये उद्यान खुले झाले.

व्यवस्था चालते कशी?

दोन्ही देशांचे समसमान सदस्य असलेला सहा जणांचा आयोग कारभार पाहतो. अध्यक्षपद आलटून-पालटून असते. खर्च निम्मा-निम्मा. घर पाहायला तिकीट नाही. जमीन कॅनडाची, कायदा कॅनडाचा, पण घर कोणत्याही एका सरकारचे नाही. एकाने हात आखडला तर दुसऱ्यालाही अडचण, ही त्यातली मेख आहे आणि ताकदही.

मग काळजी कशाची?

पहिली काळजी हवामानाची आणि लाकडाची. उन्हाळ्यापुरते बांधलेले सव्वाशे वर्षांपूर्वीचे लाकडी घर खारे वारे, धुके आणि बर्फ यांत उभे ठेवायचे तर दर वर्षी हात लावावाच लागतो. एका वर्षाची हयगय पुढच्या पाच वर्षांचा खर्च वाढवते.

दुसरी काळजी सीमेची. करोनाकाळात मार्च २०२०मध्ये सीमा बंद झाली, तेव्हा मैत्रीचे स्मारक असलेले हे बेट दोन्हीकडून तुटले. अमेरिकी पाहुणे येईनात आणि बेटावरच्या लोकांना किराणा-औषधांसाठी पलीकडे जाणेही जिकिरीचे झाले. आता आजाराऐवजी राजकारण आड येत आहे. आयातशुल्कावरून वाद पेटला, कॅनडाला अमेरिकेचे राज्य करण्याची भाषा झाली आणि अनेक कॅनडावासीयांनी अमेरिकेचा प्रवास टाळायला सुरुवात केली. कॅम्पोबेलोच्या लोकांना मात्र तो टाळण्याची सोय नाही. त्यांचा रस्ताच अमेरिकेतून जातो. बारमाही फेरीबोटीची त्यांची जुनी मागणी म्हणूनच रास्त आहे. मैत्रीचे प्रतीक म्हणून मिरवायचे आणि तिथल्या माणसाला स्वतःच्या देशात जायला वाट द्यायची नाही, हे शोभत नाही.

तिसरी काळजी इतिहास सांगण्याच्या पद्धतीची. रूझवेल्ट यांनी हयातभर आपले अपंगत्व लोकांच्या नजरेआड ठेवले. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या स्मारकातही चाकाच्या खुर्चीत स्पष्टपणे बसलेला पुतळा आला तो थेट २००१मध्ये, तोही अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरल्यावर. कॅम्पोबेलोच्या घरात ती लपवाछपवी शक्य नाही. जिन्याच्या वरची ती खोली, तो पलंग आणि किनाऱ्याकडे जाणारा तो उतार हीच त्या घराची मुख्य गोष्ट आहे. ती आहे तशी सांगितली जाते, म्हणून घर पाहण्याजोगे आहे. टोमा जोसेफ यांच्या हातच्या भूर्जसालीच्या वस्तू आणि नोकरांच्या खोल्या तिथे असण्याचे मोलही तेच.

यातून घ्यायचे काय?

जुनी वास्तू जपण्याचे आपल्याकडचे चित्र ठरलेले असते. घोषणा होते, फलक लागतो, उद्घाटन होते आणि दोन पावसाळ्यांनंतर कौले गळू लागतात. कॅम्पोबेलोत भव्यता काहीच नाही. तिथे आहे ती कोणी, किती आणि किती काळ खर्च करायचा याची लेखी व्यवस्था, आणि ती साठ वर्षे पाळण्याची सवय. दोन्ही देशांत सरकारे बदलली, भांडणे झाली, तरी आयोगाच्या बैठका आणि छपराची डागडुजी चालू राहिली.

दोन देशांची मैत्री भाषणांत मोजायची नसते. शेजारच्या देशाच्या एका नेत्याच्या घराची फळी कुजली, तर ती बदलण्याच्या खर्चातला आपला निम्मा वाटा आपण देतो की नाही, यावरून ती कळते. वॉशिंग्टन आणि ओटावा यांना सध्या एकमेकांशी बोलायला विषय कमी पडत असतील, तर त्यांनी आपल्याच या घराचा जमाखर्च एकदा काढून पाहावा.